शिपायाचा कणा



माझी ओळख करून देताना अध्यक्षमहाराजांनी "यांनी कित्येक पंगूंना पायांवर उभे केले" असे म्हटले आणि आपण टाळ्या दिल्यात. मिळालेल्या टाळ्या परत करण्याची सोय व्यासपीठावर नसते, म्हणून आरंभीच खुलासा करतो. तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडून देणारा शस्त्रवैद्य अद्याप जन्माला यावयाचा आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या एका सरकारी इस्पितळात मी बावीस वर्षे काढली. मेंदू व मज्जासंस्थेची शस्त्रविद्या शिकलो आणि तीतही कण्याच्याच शस्त्रक्रिया केल्या. तरीही ज्याची रज्जू गोळीने किंवा अपघाताने पुरती तुटली, अशा एकाही माणसाला मी चालविलेले नाही. मग हा गृहस्थ इतकी वर्षे तेथे करीत तरी काय होता, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझा आजचा विषय तोच आहे.

प्रथम कण्याची थोडी ओळख करून घेऊ. जन्मतः आपल्याला तेहतीस मणके असतात. वयाबरोबर तळचे काही एकमेकांत मिसळतात आणि प्रौढाच्या कण्यात सव्वीस हाडे उरतात. प्रत्येक मणक्याच्या मागच्या अंगाला भोक असते, आणि ही भोके एकाखाली एक आली म्हणजे कवटीपासून माकडहाडापर्यंत एक भुयार तयार होते. या भुयारात मेंदूपासून निघालेली रज्जू असते. ती जाडीने आपल्या करंगळीएवढी, लांबीने सुमारे दीड फूट आणि पिकल्या केळ्याइतकी मऊ असते. पायाचा अंगठा हलवावा हा हुकूम खाली जातो तो तिच्यातून, आणि अंगठ्याला ठेच लागली ही वर्दी वर येते तीही तिच्यातूनच. कमरेच्या वरच्या भागातच रज्जू संपते. तेथून पुढे नुसत्या चेतातंतूंचा झुपका खाली लोंबतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला घोड्याचे शेपूट असे नाव दिले, आणि ते तसेच दिसते.

आता हाड हा मोठा उदार पदार्थ आहे. मोडले तर जुळते, फक्त जुळायला नीट जागा द्यावी लागते. हातापायांतील चेतातंतूसुद्धा तुटल्यावर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गोगलगाईच्या चालीने का होईना, पुन्हा वाढतात. रज्जूला मात्र ही विद्या साधलेली नाही. तिचे तंतू तुटले की तेथे व्रण धरतो आणि वाढ खुंटते. शस्त्रवैद्याच्या हाती उरते ते तिच्या भोवतालचे हाड. घुसलेला तुकडा काढावा, दाटलेले भुयार मोकळे करावे, डळमळणारे मणके पेचांनी जखडावेत. रज्जू चिरडली नसून नुसती दबलेली असेल, तर एवढ्यानेही पुष्कळ साधते. चिरडली असेल, तर तिच्यापुरते आमचे काम संपले.

हे ज्ञान फार जुने आहे. इजिप्तमध्ये सापडलेली शस्त्रवैद्यकाची एक पपायरसची गुंडाळी इसवी सनापूर्वी सुमारे सोळाशे वर्षांची मानतात. मान मोडून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचे अचूक वर्णन तीत आहे आणि अशावर इलाज करू नये, असा स्पष्ट सल्लाही आहे. त्यानंतर तीन हजारांहून अधिक वर्षे उलटली. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत ॲडमिरल नेल्सनला फ्रेंच जहाजावरून गोळी लागली आणि ती खांद्यातून शिरून कण्यात जाऊन बसली. छातीखाली आपल्याला काही जाणवत नाही, हे त्याने स्वतःच ओळखले होते. इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या दर्यावीराजवळ बसलेल्या बीटी या जहाजावरच्या शस्त्रवैद्यालाही आपल्या हाती काही नाही, असेच सांगावे लागले. काही तासांतच नेल्सन गेला.

पहिल्या महायुद्धात शस्त्रविद्या कितीतरी पुढे गेली होती. भूल होती, निर्जंतुक हत्यारे होती, क्ष-किरण होते. तरीसुद्धा अमेरिकन मेंदूशल्यविद्येचे जनक हार्वे कुशिंग यांनी नोंदवून ठेवले आहे, की कण्याला इजा झालेल्या दर शंभर शिपायांतले सुमारे ऐंशी पहिल्या काही आठवड्यांत दगावले.

येथे आपण जरा थांबून विचार करावा. हे लोक मेले ते कशाने? गोळीने म्हणाल तर गोळी केव्हाच लागून गेली होती. हृदय, फुप्फुसे, मेंदू सारे शाबूत असलेले विशी-पंचविशीचे हे तरुण होते. कमरेखाली संवेदना नसलेला मनुष्य कूस बदलीत नाही, कारण त्याला अवघडल्याचे कळतच नाही. आपण येथे तासभर बसला आहात, तेवढ्यात आपल्या नकळत दहा वेळा तरी हालचाल केली असेल. तो करीत नाही. मग माकडहाडापाशी, टाचेपाशी कातडी दबून काळी पडते, कुजते, हाडापर्यंत खड्डा जातो. दुसरीकडे मूत्राशय तुंबतो, त्यात पू होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. पाठीवरच्या जखमेने आणि तुंबलेल्या लघवीने हे जवान मेले. आणि या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी चाकूची गरजच नव्हती.

हे ज्यांनी लष्करी इस्पितळात करून दाखविले ते लुडविग गुटमान. त्यांच्याविषयी मी सविस्तर बोलणार आहे, कारण आमच्या धंद्यातील खरा पराक्रम कोणता ते त्यांच्या चरित्रावरून कळते.

गुटमान जर्मनीतील यहुदी. जन्म १८९९ चा. ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फोर्स्टर या नामांकित मज्जाशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते तयार झाले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि यहुदी म्हणून त्यांची नोकरी गेली. पुढे ते त्याच शहरातील यहुदी इस्पितळाचे प्रमुख झाले. १९३८ च्या नोव्हेंबरात एका रात्री देशभर यहुद्यांची घरे-दुकाने फोडली गेली आणि धरपकड सुरू झाली. त्या रात्री दारात येईल त्याला कारण न विचारता भरती करून घ्या, असा त्यांनी हुकूम सोडला. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, तेव्हा प्रत्येक खाटेशी उभे राहून गुटमान त्यांना एकेकाचा 'आजार' समजावून देत होते. पुढच्या वर्षी बायकामुलांसह ते इंग्लंडला पोचले. ऑक्सफर्डला त्यांना संशोधनाचे काम मिळाले. शस्त्रवैद्याचे काम मात्र मिळाले नाही.

१९४४ मध्ये युरोपवर स्वारीची तयारी चालली होती. कण्याचे जखमी पुष्कळ येणार हे सरकारला दिसत होते आणि त्यांची जबाबदारी कोणी अंगावर घेईना. तेव्हा या निर्वासिताला विचारण्यात आले. लंडनपासून फार दूर नसलेल्या स्टोक मँडेव्हिल येथे १ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचा विभाग सुरू झाला. त्यांनी प्लास्टरचे साचे काढून टाकले आणि नियम घातला, की प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे. दिवसाही, रात्रीही, सणावारीसुद्धा. लघवीची नळी स्वच्छ हातांनी, निर्जंतुक पद्धतीने घालायची. स्वतः गुटमान अपरात्री उठून वॉर्डात येत आणि नियम पाळला जातो की नाही ते पाहत. परिचारिकांना हा मनुष्य काही दिवस छळवादी वाटला असला, तर मला नवल वाटणार नाही.

जखमा भरल्या, ताप उतरले, माणसे मरेनाशी झाली. मग नवाच प्रश्न उभा राहिला, की या माणसांनी दिवसभर करायचे काय? गुटमानांनी त्यांना सुतारकाम दिले, घड्याळदुरुस्ती शिकविली आणि मैदानावर काढले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सोळा माजी सैनिकांनी, चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया, तिरंदाजीचा सामना खेळला. आजचे पॅरालिंपिक सामने या सोळा जणांपासून सुरू झाले.

या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही येऊन पोचतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील जवान. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक कण्यात राहिली आणि कमरेखालचे अंग गेले. सैन्यात ते मुष्टियुद्ध खेळत. ते सुटले, तेव्हा इस्पितळात असताना ते पोहण्याकडे वळले. १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. भारताला या सामन्यांत मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ मध्ये. पदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये सेहेचाळीस वर्षे गेली, एवढेच मी म्हणतो. पुण्याजवळ खडकीला अधरांगवाताने जायबंदी झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून एक केंद्र चालू आहे. आपणांपैकी पुष्कळांनी खडकी स्टेशनावरून शेकडो वेळा प्रवास केला असेल. एकदा उतरून त्या केंद्रात जाऊन यावे.

अमेरिकेत हेच काम बॉस्टनचे डोनाल्ड मन्रो यांनी गुटमानांच्याही आधी नागरी इस्पितळात चालविले होते. युद्धानंतर प्रागहून आलेल्या अर्नेस्ट बोर्स यांनी ते कॅलिफोर्नियातील माजी सैनिकांच्या इस्पितळात नेले. १९५० साली 'द मेन' नावाचा चित्रपट निघाला, तो याच वॉर्डाचा. मार्लन ब्रँडो या नटाचा तो पहिला चित्रपट. भूमिका समजावी म्हणून तो कित्येक दिवस त्या वॉर्डात रुग्णांबरोबर खाट आणि खुर्ची घेऊन राहिला होता. चित्रपटात दिसणारे पुष्कळसे रुग्णही खरेच रुग्ण आहेत. कोठे पाहावयास मिळाला तर चुकवू नका.

आता ज्या इस्पितळात मी काम केले, त्याच्याकडे वळतो. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र खाते आहे. लढणाऱ्याची, त्याच्या विधवेची आणि पोरक्या मुलांची काळजी राष्ट्राने वाहिली पाहिजे, हे लिंकनने १८६५ च्या आपल्या भाषणात सांगितले होते. खात्याचे एकत्रित स्वरूप १९३० मध्ये ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल ब्रॅडली त्याचे प्रमुख झाले, आणि १९४६ मध्ये ही इस्पितळे वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचे ठरले. माझ्यासारखा परदेशात शिकलेला डॉक्टर तेथे पोचला, तो या जोडणीमुळेच. विद्यापीठात शिकवायचे आणि रस्ता ओलांडून माजी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायच्या, असा माझा क्रम होता.

सगळेच तेथे सोन्याचे आहे, असे मी सांगणार नाही. २०१४ मध्ये ॲरिझोनातील फीनिक्स येथे भेटीसाठी ताटकळणाऱ्यांच्या याद्या दडवून ठेवल्याचे उघडकीस आले, देशभर गहजब झाला आणि खात्याच्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारी कचेरी ती सरकारी कचेरीच, मग ती वॉशिंग्टनची असो की आपल्या तालुक्याची. परंतु एक गोष्ट तेथे अशी आहे, की जिच्यासाठी मी ते इस्पितळ सोडले नाही. तेथे डॉक्टरला महिन्याचा पगार असतो. मी दिवसात तीन शस्त्रक्रिया केल्या काय आणि एकही केली नाही काय, महिनाअखेरीस हातात तेवढेच. त्यामुळे 'शस्त्रक्रिया नको' असे सांगताना माझ्या खिशाला चाट बसत नसे. कण्याच्या डॉक्टरच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचे कारण आता सांगतो.

आपली कल्पना अशी असेल, की अशा इस्पितळात सारखे गोळ्या लागलेले जवान येत असतील. ताजे जखमी लष्कराच्या इस्पितळांत जातात. आमच्याकडे येतात ती लढाई संपून तीस, चाळीस, पन्नास वर्षे झालेली माणसे. कोणी छत्रीधारी सैनिक म्हणून शेकडो उड्या घेतलेला, कोणी पाठीवर मणभर ओझे घेऊन डोंगर चढलेला, कोणी रणगाड्यात बसून हाडे खिळखिळी करून घेतलेला. त्यांचे मणके झिजलेले असतात, चकत्या सुकलेल्या असतात, भुयार अरुंद झालेले असते. एमआरआयचे चित्र काढायचे तर आधी विचारावे लागते, "अंगात कोठे धातूचा तुकडा आहे का?" कारण त्या यंत्राचे लोहचुंबक एवढे जबरदस्त असते, की डोळ्यात किंवा रज्जूजवळ राहिलेला लोखंडी कण जागचा हलू शकतो. व्हिएतनामहून आलेले एक गृहस्थ हसून म्हणाले, "आहे की! सरकारने दिलेले पदक हरवले. शत्रूने दिलेले अजून जपून ठेवले आहे." आम्ही आधी साधा क्ष-किरण काढला. तुकडा मांडीत होता.

आणखी एक गोष्ट. मणके जखडण्याची शस्त्रक्रिया केली, तर हाडाला हाड जुळावे लागते, आणि तंबाखू ओढणाऱ्याचे ते नीट जुळत नाही. म्हणून मी म्हणे, "आधी सिगारेट सोडा, मग तारीख देतो." त्यावर एका म्हाताऱ्या सार्जंटने मला ऐकविले, "डॉक, ही सवय मला लावली कोणी? जेवणाच्या डब्यात चार सिगारेटी सरकारच घालून देत असे." ते खरेच होते. अमेरिकन सैन्याच्या शिध्यात १९७५ पर्यंत सिगारेटी असत. पेंढारकराने पाटलाला दरोड्याचा जाब विचारावा, तसा आमचा हा संवाद. तरी त्यांनी चार महिन्यांत सिगारेट सोडली. आणि गंमत अशी, की तोवर रोज चालण्याचा जो व्यायाम सांगितला होता त्याने पाठ इतकी सुधारली, की शस्त्रक्रियेची गरजच राहिली नाही.

येथेच आमच्या धंद्याचे मर्म आहे. पन्नाशी उलटलेल्या कोणाच्याही पाठीचे चित्र काढा, त्यात झीज दिसणारच. केस पांढरे होतात, तशीच चकतीही सुकते. चित्रात दोष दिसला आणि पाठ दुखते आहे, एवढ्यावरून त्या दोषानेच पाठ दुखते असे ठरत नाही. चकती सरकून पायात कळ येते हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा शस्त्रवैद्यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. ते खरेच आहे. परंतु अशा कळा बहुतेकांच्या काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, हेही तितकेच खरे आहे. ज्याला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसे मिळतात त्याने तेवढे आठवडे थांबणे अवघड असते. मी कोणावर आरोप करीत नाही, मनुष्यस्वभाव सांगतो.

थांबू नये असेही प्रसंग असतात आणि ते आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातील जोर झपाट्याने जाऊ लागला, तर ते घोड्याचे शेपूट दबले आहे असे समजावे. तेव्हा शेक, लेप आणि शेजाऱ्यांचे सल्ले बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे. दुसरी गोष्ट मानेची. ती चोरपावलांनी येते. दुखत काहीच नाही, पण सदऱ्याची गुंडी लागत नाही, अक्षर बिघडते, अंधारात चालताना तोल जातो, पाय ताठ पडतात. घरातले म्हणतात, वय झाले. वय झालेले असतेच, पण मानेतील भुयार दाटून रज्जू दबलेलीही असू शकते, आणि ती वेळेवर मोकळी केली तर पुढची हानी थांबते.

असे एक निवृत्त पोस्टमन माझ्याकडे आले होते. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तेथे युद्धात पडलेल्यांचा स्मृतिदिन पाळतात. त्या दिवशी ते जुना गणवेश घालून संचलनाला जात. त्या वर्षी त्यांना गुंड्या लावता येईनात, आणि बायकोने लावून दिलेल्या त्यांना चालत नव्हत्या. मी मागून मान उघडली. चिमुकले, भिरभिर फिरणारे यंत्र असते, त्याने मणक्याचे छप्पर अंड्याच्या कवचाइतके पातळ करीत आणायचे आणि मग कौले उतरावीत तसे अलगद उचलायचे. खाली रज्जू असते. दाब गेला की तिची शीळ धरल्यासारखी मंद धडधड पुन्हा दिसू लागते. किती वेळा पाहिले तरी तो क्षण मला जुना झाला नाही. मी त्यांना आधीच बजावले होते, "जे गेले ते परत येईल असे मी म्हणत नाही. आहे ते राहील." पुढच्या मे महिन्यात त्यांनी गुंड्या लावल्या. वरची राहिली, असे त्यांनी स्वतःच कळविले.

दुसरी एक हकीकत सांगतो. तिच्यात शस्त्रक्रिया नाही. नौदलात यंत्रदुरुस्ती केलेला, बासष्ट वर्षांचा एक शेतकरी दूरच्या गावाहून मानेच्या शस्त्रक्रियेसाठी पाठविला गेला होता. हाताची शक्ती जात चालली होती, अंगठ्याजवळचे मांस आटले होते. चित्रात मानेचे भुयार दाटलेले स्पष्ट दिसत होते. बरोबर बायको होती, हातात वही, वहीत प्रश्न लिहून आणलेले. कागद पाहून कोणीही तारीख दिली असती. मी त्यांना जीभ दाखवा म्हटले. जिभेवर किड्यांची वळवळ व्हावी तशी बारीक थरथर होती.

श्रोतेहो, जिभेची नस मानेच्या वर, मेंदूच्या देठातून निघते. मानेत रज्जू कितीही दबली तरी जीभ थरथरत नाही. म्हणजे रोग वेगळा होता. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच झिजत जाण्याचा हा रोग, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एएलएस म्हणतात. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे आपण त्याचे नाव ऐकले असेल, पण हॉकिंग अपवाद होते. सामान्यतः रुग्णाच्या हाती दोन ते पाच वर्षे असतात. सैन्यात राहिलेल्यांना हा रोग इतरांपेक्षा अधिक होतो असे आढळले आहे. म्हणून २००८ पासून तेथील सरकारने नियम केला, की नव्वद दिवस सलग सेवा केलेल्या माजी सैनिकाला हा रोग झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे धरून चालायचे. पुरावा मागायचा नाही.

मज्जाशास्त्रज्ञांनी तपासण्या करून निदान कायम केले. ते दोघे पुन्हा माझ्याकडे आले. बाई म्हणाल्या, "मानेत दाटलेले आहे ते तर आहेच ना? ते काढून टाका. बिघडले तर काय बिघडणार?" मी नाही म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा नाही म्हटले, आणि का ते सांगितले. शस्त्रक्रिया, गळ्याचा पट्टा, अशक्तपणा यांत चार-सहा महिने जाणार, आणि ते महिने त्यांच्याजवळ उरलेल्या थोड्यांतले होते. बाईंनी वही मिटली. गृहस्थांनी एकच विचारले, "यंदाचा मका काढून होईल?" मी म्हटले, "यंदाचा होईल." त्याच दुपारी आमच्या कारकुनाने नुकसानभरपाईचे, घराला उतार बांधून देण्याचे, खुर्चीचे आणि पुढे बाईंना मिळावयाच्या वेतनाचे कागद भरून घेतले. बावीस वर्षांत मी केलेल्या कामांत त्या दिवसाचे काम मी वरचे समजतो, आणि त्या दिवशी मी हातमोजेही घातले नव्हते.

आता अधरांगवाताच्या वॉर्डाविषयी. गुटमानांनी टाकलेल्या नियमांत भर पडली आहे. मोडलेला कणा आता आम्ही लवकर पेचांनी जखडतो, म्हणजे रुग्णाला तीन-तीन महिने आडवे ठेवावे लागत नाही. गुटमान स्वतः अशा शस्त्रक्रियांच्या कडक विरोधात होते. ते असते, तर आमचे भांडण झाले असते. परंतु कूस बदलणे तसेच चालू आहे. रात्री वॉर्डावरून गेले की कोठे ना कोठे दोन परिचारिका उश्या सरकवीत असतात. देशभरात या खात्याची अशी पंचवीस केंद्रे आहेत, आणि तेथील रुग्णाची दरवर्षी नखशिखांत तपासणी होते.

या वॉर्डात शिक्षक रुग्णच असतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर रज्जू तुटलेल्या माणसाला एक विचित्र संकट येते. मूत्राशय तुंबला किंवा नुसती नळी वाकली, तरी अंगाला ते कळत नाही, पण रक्तदाब एकदम भडकतो. डोके फुटेलसे दुखते, चेहऱ्यावर घामाचे पाट वाहतात, आणि वेळीच उपाय झाला नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एका रात्री नवशिके डॉक्टर अशा रुग्णापाशी औषधाचे नाव आठवीत उभे होते. रुग्ण तीस वर्षे खुर्चीत काढलेला. तो दात आवळून म्हणाला, "पोरा, औषध मागाहून. आधी मला उठवून बसव आणि मांडीखालची नळी बघ." नळी मांडीखाली दुमडली होती. ती सरळ केली आणि पाच मिनिटांत दाब उतरला. असे कितीतरी जण हा धोका लिहिलेले पत्रक खिशात बाळगतात, कारण साध्या दवाखान्यातील डॉक्टराला तो ठाऊक असेलच असे नाही.

वेळ होत आला. एक व्यवहाराची गोष्ट सांगून आटोपतो. आपल्या देशात कणा मोडतो तो फार करून उंचावरून पडल्याने: नारळाच्या झाडावरून, घराच्या गच्चीवरून, विहिरीत, बांधकामाच्या परातीवरून, आणि त्याखालोखाल रस्त्यावरील अपघातांत. पडलेल्या माणसाभोवती गर्दी जमते, सगळ्यांच्या मनात दया असते, आणि दोघे जण त्याला काखेत आणि पायांना धरून झोळीसारखा उचलतात व रिक्षात बसवितात. पडला तेव्हा जी रज्जू नुसती दबली होती, ती या उचलण्यात चिरडली जाऊ शकते. तेव्हा असे करावे. तो श्वास घेतो आहे ना ते पाहावे. आग, पाणी किंवा वाहनांचा धोका नसेल तर त्याला तेथेच राहू द्यावे, बसवू नये, तोंडात पाणी ओतू नये, आणि १०८ ला दूरध्वनी करावा. गाडी येणारच नसेल, तर एक दार किंवा रुंद फळी आणावी. चार जण लागतात. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके आणि मान धडाच्या रेषेत धरावी आणि शेवटपर्यंत सोडू नये. तिघांनी एका बाजूला गुडघे टेकून खांदा, कंबर आणि पाय धरावेत. डोके धरणाऱ्याने तीन म्हटले की सर्वांनी एकदम, लाकडाचा ओंडका वळवावा तसे त्याला कुशीवर वळवावे, फळी पाठीला सरकवावी आणि तसेच एकदम परत ठेवावे. मानेच्या दोन्ही अंगांना घडी केलेली धोतरे किंवा चादरी लावाव्यात. मध्येच कोणी "पाय हलवून दाखव" म्हणत असेल तर त्याला गप्प बसवावे, आणि हुकूम एकाच माणसाचा चालू द्यावा. हे घरी एकदा करून पाहा. घरातील एखादा मुलगा आनंदाने जखमी व्हायला तयार होईल.